थिंबल हातोडीनं ठोकू नका

मागच्या मे महिन्यात एका रात्री साडेआठच्या सुमारास भाच्याचा फोन आला. "मामा, बॅटरीच्या खोलीत काहीतरी जळाल्यासारखा वास येतोय. पण बंद काहीच नाही. कूलर चालू, फ्रिज चालू, आई इंडक्शनवर भाकरीसोबतची भाजी करतेय. बीएमएसवर पण सगळं हिरवं दिसतंय." मी त्याला म्हटलं, आधी इंडक्शन बंद कर, मग इन्व्हर्टर बंद कर, मग बॅटरीचा मेन स्विच पाड, आणि आज रात्री त्या खोलीत कुणाला झोपू देऊ नकोस. सकाळी जालन्याहून अंबडची पहिली एसटी धरली.

भाच्याची अंबड तालुक्यात मोसंबीची बाग आहे, घरही बागेतच. शेतीच्या फीडरला वीज कधी दिवसा, कधी रात्री. घराच्या लाइनचाही उन्हाळ्यात भरवसा नाही. पोरगा हुशार. ३.२ व्होल्टचे, १०० अँपिअर-अवरचे लिथियम फॉस्फेट सेल त्यानं मागवले, सोळा सेल एकापुढे एक जोडले, सेलवर लक्ष ठेवणारा बीएमएस बसवला, तीन किलोवॉटचा इन्व्हर्टर लावला. ५१.२ व्होल्टची, जवळजवळ पाच युनिट वीज साठवणारी बॅटरी त्यानं घरात स्वतः बांधली. सगळा खर्च लाखाच्या घरात गेला. मला त्याचं कौतुक होतं आणि आजही आहे.

मी जालन्याच्या औद्योगिक वसाहतीत एका रोलिंग मिलमध्ये सव्वीस वर्षं इलेक्ट्रिकल मेंटेनन्स केलं. तिथं एक गोष्ट अंगात मुरली: वास आला की आधी जोड बघायचा. मोटार नंतर, पॅनल नंतर. मी सेलकडे बघितलंच नाही. बॅटरीपासून इन्व्हर्टरकडे जाणाऱ्या प्लसच्या केबलवर हात फिरवत गेलो, तर इन्व्हर्टरकडच्या टोकाला हीट श्रिंक स्लीव्ह पापडासारखी कडक झालेली, आणि तिच्यामागे दोन इंच केबलचं लाल पीव्हीसी विटकरी पडलेलं. बोल्ट घट्ट होता. दोष थिंबलच्या, म्हणजे केबलच्या टोकाला चेपून बसवतात त्या धातूच्या टोपीच्या, आत होता.

केबल २५ स्क्वेअरची, म्हणजे २५ चौरस मिलिमीटरची. दुकानात २५ चं थिंबल संपलं होतं. दुकानदारानं सांगितलं, "३५ चं घेऊन जा, ठोकलं की बसतं." भाच्यानं उरलेल्या पोकळीत तारांचे तुकडे कोंबले, थिंबल ऐरणीवर ठेवून हातोडीनं चेपलं आणि वरून थोडं सोल्डर ओतलं. "ओढून बघितलं मामा, निघत नाही," तो म्हणाला. तो खोटं बोलत नव्हता. पण जोड निघत नाही, एवढ्यावरून तो वीज नीट नेतो असं सिद्ध होत नाही. आजचा हा लेख एवढ्याचसाठी आहे.

मी त्याच्याकडून मल्टीमीटर मागून घेतला. इंडक्शन, कूलर आणि फ्रिज मिनिटभरापुरते चालू केले. केबलमधून ५० अँपिअर जात होते. केबलच्या एका थिंबलवर मीटरची एक सुई, दुसऱ्या थिंबलवर दुसरी सुई. २५ स्क्वेअरच्या चांगल्या तांब्याच्या केबलचा रोध मीटरला ०.७८ मिलिओहम असतो. म्हणजे आमच्या एक मीटर केबलवर ५० अँपिअरला साधारण ४० मिलिव्होल्ट पडायला हवे होते. मीटरनं ३४० दाखवले. वरचे ३०० मिलिव्होल्ट त्या एका चेपलेल्या थिंबलमध्ये जात होते. ३०० मिलिव्होल्ट गुणिले ५० अँपिअर, म्हणजे १५ वॉट. अंगठ्याएवढ्या धातूच्या तुकड्यात, पीव्हीसीला चिकटून, तासन्‌तास १५ वॉटची उष्णता. रेडिओ दुरुस्त करणारे पूर्वी जी सोल्डरिंग आयर्न वापरत, ती २५ वॉटची असायची.

आता मुख्य मुद्दा. भाच्यानं फ्यूज लावला होता, एमसीबी लावली होती, बीएमएस होता. यातलं एकही उडालं नाही, आणि ते कधीच उडालं नसतं. फ्यूज उडतो प्रवाह जास्त झाला की. बीएमएस तोडतो सेलचं व्होल्टेज, प्रवाह किंवा सेलजवळचं तापमान हद्दीबाहेर गेलं की. खराब जोडामुळे प्रवाह फ्यूज उडण्याइतका वाढत नाही. ५० अँपिअरचा रोजचा प्रवाह रोजच्या जोडातून जातो आणि जोड जळतो. सगळे पहारेकरी जागे असूनही चोर घरातलाच निघावा, तशी ही गत. म्हणून मी म्हणतो, घरी बांधलेल्या बॅटरीत सर्वांत कमी पैशाची वस्तू सर्वांत जास्त जोखमीची असते. बांध उंच ठिकाणी फुटत नाही, उंदराच्या बिळाशी फुटतो. बॅटरीतलं ते बीळ म्हणजे थिंबल.

त्या दिवशी मी ते थिंबल हॅक्सॉनं आडवं कापलं आणि भाच्याला उन्हात दाखवलं. तारा सुट्या सुट्या दिसत होत्या, मोजता येत होत्या. मधल्या फटी काळ्या पडल्या होत्या. हातोडी थिंबलला वरून चपटं करते, पण तारा बाजूला सरकतात आणि दोन्ही कडांना पोकळी राहते. त्या पोकळीत हवा शिरते. रात्री लोड आला की जोड गरम होऊन फुगतो, लोड गेला की आकसतो, आणि दर खेपेला हवा आत-बाहेर करते. तांब्यावर ऑक्साइड चढतो, रोध वाढतो, उष्णता वाढते, उष्णतेनं ऑक्साइड आणखी चढतो. पहिल्या दिवशी हा जोड कदाचित चांगलाही असेल. सहा महिन्यांनी तो वेगळाच जोड झालेला असतो.

योग्य साच्यात, योग्य दाबानं चेपलेल्या थिंबलमध्ये तारांचा गोल आकार मोडतो. त्या एकमेकींना इतक्या भिडतात की कापल्यावर मधमाशीच्या पोळ्यासारखी एकसंध जाळी दिसते आणि मध्ये हवेला जागाच उरत नाही. जिथं हवा नाही तिथं ऑक्साइड नाही. दुसऱ्या महायुद्धात विमानांच्या आणि जहाजांच्या वायरिंगमध्ये सोल्डरऐवजी असे दाबून बसवलेले जोड रुळले ते याच कारणानं. थरथर, गारठा, उष्णता, सगळं त्यांनी सोसलं. सोल्डरवर माझाही राग नाही, पण कथिल-शिशाचं नेहमीचं सोल्डर १८३ अंशांना वितळायला लागतं. ते तारांमधून वर चढतं आणि जिथं थांबतं तिथं केबल ताठ होऊन तारा तुटू लागतात. जाड केबलच्या जोडाचा भार सोल्डरवर टाकू नये. भार दाबाचाच हवा.

जालना जिल्ह्यातल्या अनेक घरांत आज अशी बॅटरी बांधली जातेय. कारण सरळ आहे. फेब्रुवारी २०२४ मध्ये पीएम सूर्यघर योजना आली. तीन किलोवॉटच्या छतावरच्या सौर संचाला केंद्राकडून ७८ हजार रुपयांचं अनुदान मिळू लागलं आणि बऱ्याच घरांवर पॅनल चढले. मग पहिल्याच भारनियमनात लोकांना कळलं की लाइन गेली की ग्रीडला जोडलेले पॅनलही बंद पडतात. लाइनवर काम करणाऱ्या वायरमनला छतावरच्या विजेचा धक्का बसू नये म्हणून ती रचनाच तशी असते आणि ती बरोबर आहे. पण डोक्यावर ऊन तळपतंय, छतावर पॅनल आहेत आणि घरात पंखा नाही, हे कुणाला सहन होईल? मग माणूस बॅटरीकडे वळतो. बॅटरीला त्या योजनेत अनुदान नाही, म्हणून तो पैसे वाचवतो. आणि वाचवायला गेला की पहिली कात्री केबल, थिंबल आणि ते चेपण्यावर, म्हणजे क्रिंपिंगवर चालते. सेल कसे आहेत, किती सायकलचे आहेत, हे तो महिनाभर विचारत फिरतो. केबल मात्र "द्या एक मीटर जाडशी" म्हणून घेतो.

"हे घरी करूच नका" असं सांगणाऱ्यांतला मी नाही. ज्या गावात स्प्लेंडरच्या इंजिनावर फवारणी पंप चालवणारे हात आहेत, तिथं ते सांगून उपयोग नाही. करायचं असेल तर नीट करा. नीट म्हणजे काय, ते माझ्या अनुभवातून सांगतो.

पहिली निवड व्होल्टेजची. तेवढीच वीज १२ व्होल्टवर न्यायची तर ४८ व्होल्टच्या चौपट प्रवाह लागतो, आणि तार तीच असेल तर उष्णता सोळापट होते, कारण उष्णता प्रवाहाच्या वर्गानं वाढते. एक किलोवॉटचा लोड १२ व्होल्टवर घेतला तर इन्व्हर्टरचा तोटा धरून ९० अँपिअरच्या वर जातो, ४८ व्होल्टवर २३-२४ पुरतात. एका ट्यूबलर बॅटरीवर दोन पंखे आणि चार दिवे चालवायचे असतील तर १२ व्होल्ट ठीक. फ्रिज, कूलर, मोटार चालवायची असेल तर ४८ व्होल्टच घ्या. जोडांवरचा अर्धा ताण तिथंच जातो. मोटारीचं आणखी एक असतं. एक एचपीची मोटार सुरू होताना क्षणभर पाच-सहापट प्रवाह ओढते. जोड तेव्हाचा प्रवाह धरून निवडायचा असतो.

दुसरी निवड केबलची. बाजारात तांब्याचा मुलामा दिलेली ॲल्युमिनियमची तार मिळते. वरून लालसर, आत पांढरी. तिचा रोध तांब्याच्या दीडपटीहून जास्त असतो आणि चेपल्यावर ती ढिली पडत जाते. ओळखायला प्रयोगशाळा लागत नाही. एका तारेवर ब्लेड घासा. आत चंदेरी दिसली तर ती परत करा. दुसरी खूण वजनाची. २५ स्क्वेअरच्या एक मीटर केबलमध्ये नुसतं तांबंच दोनशे ते सव्वादोनशे ग्रॅम असतं, वर पीव्हीसीचं वजन वेगळं. किराणा दुकानाच्या काट्यावर एक मीटर ठेवा. अडीचशेच्या वर भरली तर ठीक, दीडशेच्या आसपास भरली तर ते तांबं नाही. केबलच्या अंगावर आयएस ६९४ आणि आयएसआयचा शिक्का छापलेला असला पाहिजे. आपल्या जालन्यात भट्ट्या आणि फॅब्रिकेशनमुळे वेल्डिंग केबल सहज मिळते आणि लवचीक असल्यामुळे बॅटरीला ती सोयीची पडते. पण वेल्डिंग केबल ॲल्युमिनियमचीही येते, तेव्हा ब्लेडची परीक्षा तिलाही द्यायला लावा.

केबलची जाडी ठरवताना आपला मे महिना विसरू नका. साध्या पीव्हीसीची हद्द ७० अंश. बाहेर ४० अंश असताना केबलला तापायला ३० अंशांची मोकळीक असते. पत्र्याच्या खोलीत दुपारी ५० अंश झाले की ती मोकळीक २० वर येते, आणि १०० अँपिअरची केबल ८० च्या आसपासची उरते. म्हणून कागदावर २५ स्क्वेअर पुरत असेल तर आमच्याकडे ३५ घ्यावी. बॅटरी पत्र्याखाली ठेवूच नये, जाडजूड भिंतीच्या, हवा खेळणाऱ्या खोलीत ठेवावी. ॲसिडच्या बॅटऱ्यांना तर ही हवा दुप्पट गरजेची, कारण चार्ज होताना त्यातून हायड्रोजन निघतो आणि सैल जोडाची एक ठिणगी त्याला पुरते.

तिसरी निवड थिंबलची. थिंबलवर आकडे कोरलेले असतात: २५-८ म्हणजे २५ स्क्वेअरची केबल आणि ८ एमएमचा बोल्ट. दोन्ही आकडे जुळलेच पाहिजेत. थिंबलमध्ये मावत नाहीत म्हणून तारा छाटणं आणि थिंबल ढिलं आहे म्हणून तुकडे कोंबणं, ही दोन्ही एकाच तोलाची चूक. कथिलाचा मुलामा असलेलं, जाड भिंतीचं तांब्याचं थिंबल घ्या. हातात घेतल्यावर पत्र्यासारखं हलकं वाटतं ते घेऊ नका. थिंबलला छोटं भोक असेल तर तारेचं टोक त्यातून दिसलं पाहिजे, म्हणजे तार तळापर्यंत गेली. ॲल्युमिनियमची केबल वापरावीच लागली तर तिला दोन धातूंचं वेगळं थिंबल येतं, ते घ्या. तांब्याचं थिंबल थेट ॲल्युमिनियमवर चढवलं की दमटपणात दोन धातूंमध्ये गंज सुरू होतो.

बोल्टवर थिंबल बसवण्याचाही क्रम आहे. खाली टर्मिनल, त्यावर थेट थिंबल, मग वॉशर, मग स्प्रिंग वॉशर, मग नट. मी तीन घरांत थिंबल आणि टर्मिनलच्या मध्ये स्टीलचा वॉशर बघितलाय. स्टेनलेस स्टीलचा रोध तांब्याच्या चाळीसपट असतो. तो वॉशर म्हणजे मध्ये ठेवलेला हीटरच. नट किती घट्ट करायचा ते सेलच्या कंपनीनं दिलेलं असतं, त्यासाठी टॉर्क पाना वापरा. सेलच्या टर्मिनलचे आटे मऊ असतात, मिलमधल्या पान्याच्या जोरानं ते एका झटक्यात जातात. ग्रीस किंवा व्हॅसलिन लावायचं ते नट आवळून झाल्यावर, वरून.

चौथी निवड क्रिंपिंग टूलची, आणि इथंच सगळे अडखळतात. १६ स्क्वेअरच्या वरच्या केबलला पक्कड नको, हातोडी नको, व्हाइस नको. षटकोनी साच्यांचा हायड्रॉलिक प्रेस लागतो. स्वस्तातला प्रेस अडीच-तीन हजारांपासून मिळतो. पण त्याच्या साच्यावर २५ लिहिलं म्हणजे तो तुमच्या २५ च्या थिंबलला बसेलच असं नाही. थिंबलच्या भिंतीची जाडी कंपनीगणिक बदलते. जर्मन डीआयएन ४६२३५ या मानकाच्या थिंबलवर साच्याचा नंबरच कोरलेला असतो: २५ ला १०, ३५ ला १२, ५० ला १४. बाकी थिंबलसाठी एकच खात्रीचा मार्ग, एक थिंबल बळी द्यायचं. केबलच्या तुकड्यावर ते चेपा, हॅक्सॉनं मधोमध कापा, पॉलिश पेपरवर घासा आणि बघा. तारा मोजता आल्या तर साचा मोठा पडला. दोन्ही बाजूंना धातूचे कान बाहेर आले तर साचा लहान पडला. एकसंध जाळी दिसली तर साचा जमला.

कुणी म्हणेल, एक थिंबल वाया घालवायचं? आपल्याकडे पेरणीच्या आधी शेतकरी काय करतो? सोयाबीनचे शंभर दाणे ओल्या गोणपाटात गुंडाळून ठेवतो आणि उगवलेले मोजतो. सत्तर उगवले तर पेरतो, नाहीतर बियाणं बदलतो. ते शंभर दाणे वाया गेले असं कुणी म्हणत नाही. ज्या जालन्यात १९६४ मध्ये बद्रीनारायण बारवाल्यांनी महिको उभी केली, ज्या गावाची ओळख बियाण्यानं झाली, तिथल्या शेतकऱ्याला परीक्षेचं मोल शिकवायला नको. बियाण्याच्या पिशवीवरचा टॅग आणि लॉट नंबर आपण वाचतो, पावती जपून ठेवतो. केबल घेताना तीच नजर वापरायची, एवढंच.

पाचवी गोष्ट कनेक्टरची. पॅनलला एमसी-फोर कनेक्टर येतात. दोन वेगवेगळ्या कंपन्यांचे एकमेकांत टक्‌कन बसतात, म्हणून लोकांना ते चालतात असं वाटतं. आतल्या पिनेचं माप आणि धातू वेगळे असतात, आणि छतावर उन्हात तोच जोड वितळतो. जोडी एकाच कंपनीची घ्या आणि पिन रॅचेट असलेल्या टूलनंच दाबा. पूर्ण दाब बसल्याशिवाय ते टूल उघडतच नाही, त्याचा फायदा हाच. बॅटरी सोडता-जोडता यावी म्हणून अँडरसन पद्धतीचे कनेक्टर चांगले, पण कुठलाही कनेक्टर लोड चालू असताना ओढू नका. घरातल्या एसी विजेचा प्रवाह सेकंदाला शंभर वेळा शून्यावर येतो, त्यामुळे ठिणगी विझते. डीसीचा प्रवाह शून्यावर येतच नाही, ठिणगी ओढलेल्या फटीत जळत राहते. म्हणून एसीची एमसीबी बॅटरीला लावू नका. डीसी लिहिलेली आणि तुमच्या बॅटरीच्या पूर्ण चार्ज व्होल्टेजच्या वरची घ्या. सोळा सेलची बॅटरी पूर्ण भरली की ५८.४ व्होल्टपर्यंत जाते, ४८ च्या आकड्यावर विसंबू नका. फ्यूज बॅटरीच्या टर्मिनलला अगदी लागून लावा, कारण फ्यूजच्या अलीकडच्या केबलला कुणाचंच संरक्षण नसतं आणि लिथियम सेल शॉर्ट झाले की हजारो अँपिअर सोडू शकतात.

एवढं केल्यावरही मोजल्याशिवाय विश्वास ठेवू नका. मोजणं अवघड नाही. अर्धा तास मोठा लोड चालवा. दोन थिंबलच्या मध्ये किती मिलिव्होल्ट पडतात ते बघा आणि तारेच्या हिशेबाशी ताडून बघा. एक मीटर केबलला १०० अँपिअरला २५ स्क्वेअरवर ७८ मिलिव्होल्ट, ३५ वर ५५, ५० वर ३९ पडतात. तुमचा प्रवाह १०० च्या निम्मा असेल तर आकडाही निम्मा. त्याच्या आसपास आलं तर जोड चांगला, दुप्पट-तिप्पट आलं तर जोड कापून नवा करा. थर्मामीटरची बंदूक वापरत असाल तर थिंबलवर काळी टेप चिकटवून त्या टेपवर रोखा. चकचकीत धातूवर ती खोटं, कमी तापमान दाखवते.

आता जे एकट्या माणसाच्या हातात नाही त्याबद्दल. चार थिंबलसाठी कुणी प्रेस विकत घेणार नाही, आणि घेऊही नये. आपल्याकडे पेरणीयंत्र, रोटाव्हेटर, मळणीयंत्र गावात भाड्यानं फिरतं. क्रिंपिंग प्रेसही तसाच फिरला पाहिजे. बचत गटानं किंवा शेतकरी उत्पादक कंपनीनं चांगला प्रेस, साच्यांचा संच आणि टॉर्क पाना घेऊन ठेवला तर एका जोडामागे दहा-वीस रुपये भाडं कुणीही आनंदानं देईल. केबल विकणाऱ्या दुकानदारांना माझी विनंती आहे: केबल कापून देता तशी टोकं दाबूनही द्या. काउंटरवर प्रेस ठेवा, गिऱ्हाइकाच्या समोर दाबा, आणि थिंबल नसेल तर नाही म्हणा, दुसऱ्या मापाचं देऊ नका. तुमच्या एका "ठोकलं की बसतं" या शब्दावर कुणाचं घर उभं असतं.

जिल्ह्यात खरपुडीचं कृषी विज्ञान केंद्र आहे, शासकीय आयटीआय आहेत. सौर कामासाठी माणसं तयार करायला केंद्राची सूर्यमित्र योजना २०१५ पासून आहे. या सगळ्यांनी महिन्यातला एक दिवस "जोड तपासणी"ला द्यावा. लोकांनी आपली केबल आणावी, पोरांनी मिलिव्होल्ट मोजून द्यावेत, एक खराब थिंबल सगळ्यांसमोर कापून दाखवावं. मी भाच्याला तासभर जे बोललो त्यापेक्षा त्या कापलेल्या थिंबलनं त्याला जास्त शिकवलं. वायरमन आणि इलेक्ट्रिशियन ट्रेडच्या मुलांना घरातलं एसी वायरिंग येतं. त्यांनाच उद्या गावोगाव ४८ व्होल्टच्या बॅटऱ्यांना हात लावावा लागणार आहे, तेव्हा डीसीचा जोड त्यांच्या प्रॅक्टिकलमध्ये आला पाहिजे. आणि सरकार पॅनलसाठी घरामागे ७८ हजारांपर्यंत देतं, तर तालुक्याला दोन प्रेस द्यायला त्याला जड जाऊ नये.

त्या दिवशी आम्ही अंबडला जाऊन ३५ स्क्वेअरची नवी केबल आणली, ब्लेडनं घासून बघितली, काट्यावर तोलली. थिंबल ३५-८ चीच मिळेपर्यंत तीन दुकानं फिरलो. माझ्या मिलमधल्या जुन्या सोबत्याचा प्रेस दुसऱ्या दिवशी मागवला. पहिलं थिंबल कापून बघितलं, साचा बदलला, दुसरं कापलं, मग खरे जोड दाबले. चार थिंबलचे सगळे मिळून दोनशे रुपयेही झाले नाहीत. संध्याकाळी माझ्या बहिणीनं पुन्हा इंडक्शन लावलं. ५० अँपिअरला त्या एक मीटर केबलवर २९ मिलिव्होल्ट पडले. भाच्यानं तो आकडा तारखेसकट खडूनं भिंतीवर लिहिला. आता दर महिन्याला तो खाली नवा आकडा लिहितो.

तुमच्या घरात इन्व्हर्टर असेल, स्वतः बांधलेली बॅटरी असेल किंवा शेजाऱ्यानं बांधून दिलेली असेल, तर येत्या रविवारी एवढं करा. बॅटरीच्या प्रत्येक जोडाजवळ जाऊन नाक लावा, स्लीव्ह कडक झालीय का बघा, केबलचा रंग बदललाय का बघा, आणि मीटर मिळाला तर मिलिव्होल्ट मोजून भिंतीवर लिहा. थिंबल हातोडीनं ठोकलेलं दिसलं तर लोड बंद करा, मेन स्विच पाडा आणि तो जोड कापून टाका. नवा जोड प्रेसवरच दाबून घ्या, मग त्यासाठी तालुक्याला जावं लागलं तरी जा.